कर्करोगाच्या आधीची वर्षे

१८३५ साली लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर फ्रेडरिक सॅल्मन नावाच्या सर्जनने सात खाटांचा एक दवाखाना उघडला. भगंदर आणि गुदद्वाराच्या इतर दुखण्यांनी पिडलेल्या गरिबांसाठी. अर्थात पैसेवाल्यांनाही हे दुखणे सोडत नव्हते. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवर १८४१ मध्ये याच सॅल्मनने भगंदराची शस्त्रक्रिया केली, तीही भूल न देता, कारण भूल देण्याचा शोध लागायला अजून पाच वर्षे होती. १८५४ साली सेंट मार्कच्या सणाच्या दिवशी दवाखाना सिटी रोडवरच्या नव्या इमारतीत गेला आणि त्याला सेंट मार्क्स हॉस्पिटल हे नाव मिळाले. अंगाच्या ज्या भागाचे नाव घ्यायला लोक लाजतात, त्याच भागासाठी चालवलेले हे इस्पितळ. मोठ्या आतड्याचा कॅन्सर एका रात्रीत उगवत नाही, त्याच्या आधी वर्षानुवर्षे काहीतरी चाललेले असते, आणि ते वेळेवर हाताला लागले तर कॅन्सर होण्याआधीच त्याला थांबवता येते, ही समज मोठ्या प्रमाणात याच इस्पितळात घडली. ती घडायला पन्नास वर्षे लागली.

आधी शब्दांविषयी थोडे, कारण भाषा शिकवणाऱ्याला ही खोड सुटत नाही. उर्दूत आपण सरतान म्हणतो, मराठीत कर्करोग. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडा. दोन्हींच्या मागे ग्रीक वैद्यांचा शब्द उभा आहे, त्याचाही अर्थ तोच. गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. पण खेकडा दिसतो तो पूर्ण वाढलेला. या नावातच एक गृहीत धरलेले आहे की रोग दिसला तेव्हापासून रोग आहे. कुर्तुब्याच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-जहरावीने हजार वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो सांगतो की सरतान लहान असेल आणि मुळासकट काढता येण्याजोग्या जागी असेल तरच हात लावावा, जुना आणि मोठा झाला असेल तर लांब राहावे. पुढे तो प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवतो की अशा जुन्या गाठीचा एकही रोगी त्याला बरा करता आला नाही. लवकर आणि उशिरा यातला फरक त्याला कळला होता. लवकरच्याही आधी काय असते, हे पाहण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. पुढची नऊशे वर्षे ते कोणाकडेच नव्हते.

आता आतड्याकडे येऊ. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे. त्याचे आतले अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर लाखो बारीक विहिरी शेजारी शेजारी खोदल्यासारखे दिसते. प्रत्येक विहिरीच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, भिंतीवरून वर वर सरकत जातात आणि काठाला पोचल्या की झडून पडतात. हे सगळे आठवडाभराच्या आत. म्हणजे आपल्या आतड्याचे अस्तर सतत नवे होत असते. अशा जागी, जिथे पेशी इतक्या झपाट्याने दुणावतात, तिथे नक्कल करताना चूक होण्याची संधीही जास्त. एखाद्या विहिरीतल्या पेशी काठाला आल्यावरही वाढायच्या थांबल्या नाहीत, तर अस्तरावर एक उंचवटा तयार होतो. कधी देठावर लटकलेल्या छोट्या अळंबीसारखा, कधी गालिच्यासारखा पसरट. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिप पुष्कळ प्रकारचे असतात, काही अगदी निरुपद्रवी. ज्या प्रकारात ग्रंथींच्या पेशी बिघडू लागलेल्या असतात त्याला ॲडिनोमा म्हणतात, आणि आपली गोष्ट त्याची आहे. ॲडिनोमा म्हणजे कॅन्सर नव्हे. अस्तराच्या खाली स्नायूचा एक पातळ पदर असतो. तो पदर ओलांडून बिघडलेल्या पेशी खालच्या थरात उतरल्या, जिथे रक्ताच्या आणि लसिकेच्या वाहिन्या आहेत, तेव्हाच मोठ्या आतड्यात त्याला कॅन्सर म्हणतात. त्या पदराच्या अलीकडे जे काही आहे ते कापून टाकले की विषय संपतो.

हे आज चार ओळींत लिहिता येते. १९२० साली लिहिता आले नसते.

१९२२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स हा तरुण डॉक्टर सेंट मार्क्समध्ये आला. काम सर्जनने कापून दिलेले आतडे तपासण्याचे. सर्जनची खोली वर, याची प्रयोगशाळा वेगळी, आणि रोग्याशी बोलणे जवळपास नाहीच. पण ड्यूक्सने एक साधी गोष्ट चिकाटीने केली. कॅन्सरची गाठ पाहून झाल्यावर त्याने बाजूचे आतडेही तपासले. कॅन्सर असलेल्या आतड्यात आसपास लहान लहान ॲडिनोमा पुष्कळदा सापडत. काही गाठींत तर एकाच गाठीचा अर्धा भाग कॅन्सर आणि उरलेला अजून साधा ॲडिनोमाच, अशी मधली अवस्था पकडली जाई. इस्पितळाचा सर्जन पर्सी लॉकहार्ट-ममेरी आणि ड्यूक्स यांनी मिळून १९२८ मध्ये गुदाशय आणि मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरपूर्व बदलांवर निबंध लिहिला. पुढे १९३२ मध्ये ड्यूक्सने कॅन्सर किती खोल गेला आहे यावरून ए, बी, सी अशा पायऱ्या ठरवल्या. आतड्याच्या भिंतीतच असेल तर ए, भिंतीपार गेला तर बी, लसिकाग्रंथींत पोचला तर सी. आपल्याकडचे वैद्यकाचे विद्यार्थीही कैक वर्षे हेच पाठ करत आले. ड्यूक्सचे नाव त्या तीन अक्षरांमुळे राहिले. मला मात्र त्याचे आधीचे काम मोठे वाटते. कॅन्सर किती पुढे गेला हे मोजणारे पुष्कळ असतात, तो कुठून आला हे विचारणारे थोडे.

पण ॲडिनोमा कॅन्सरच्या शेजारी सापडतो म्हणजे तो कॅन्सरचा बाप झाला का? शेजारी राहणारा प्रत्येक जण नातेवाईक नसतो. पुरावा हवा होता, आणि तो आला काही दुर्दैवी खानदानांकडून. लॉकहार्ट-ममेरीने १९२५ मध्ये तीन कुटुंबांची माहिती छापली होती, ज्यांच्यात पिढ्यानपिढ्या तरुण वयात आतड्याचा कॅन्सर होत होता. या लोकांच्या मोठ्या आतड्यात विशीच्या आतच शेकडो, कधी हजारो पॉलिप उगवत. काही केले नाही तर चाळिशीच्या आसपास त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणार हे जवळपास ठरलेले. इथे पॉलिप आधी, कॅन्सर नंतर, हा क्रम उघड दिसत होता.

या कुटुंबांची नोंदवही सेंट मार्क्सने तेव्हापासून ठेवायला सुरुवात केली. ती पुढे ज्याने जपली त्याचे नाव डिक बसी. तो ड्यूक्सच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आला तेव्हा शाळकरी वयाचा पोरगाच होता, डॉक्टरीची पदवी त्याच्याकडे नव्हती. काचपट्ट्या तयार करायच्या, लेबले लावायची, वह्या लिहायच्या. पण एकेका घराण्याचा वंशवृक्ष काढायचा, कोण कशाने गेले ते विचारायचे, हयात असलेल्या भावंडांना आणि मुलांना पत्र धाडून तपासायला बोलवायचे, न आल्यास पुन्हा पत्र धाडायचे, हे काम त्याने दहा-वीस नव्हे, साठ वर्षे केले. १९७५ मध्ये या आजारावर त्याने पुस्तक लिहिले. त्या वहीतून एक गोष्ट ठळक झाली. जे रोगी रक्त जाते, दुखते म्हणून आपणहून आले त्यांच्यातल्या बहुतेकांना तोवर कॅन्सर झालेला असे. त्यांचे जे नातेवाईक काहीही त्रास नसताना केवळ पत्रावरून आले, त्यांच्यात कॅन्सर क्वचित, पॉलिप मात्र भरपूर. आजार एकच, घराणे एकच, फरक फक्त वेळेचा. १९८७ मध्ये या आजाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे असे दाखवणारा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला, तेव्हा त्याच्या लेखकांत बसीचे नाव होते. वही लिहिणाऱ्याला असा मान सहसा मिळत नाही.

आता सांगायला हवे की सगळ्यांना हे पटले नव्हते, आणि न पटणारे मूर्ख नव्हते. वर सांगितलेली कुटुंबे फार दुर्मिळ. सर्वसाधारण माणसाला एखाद-दुसरा पॉलिप असतो, त्याचे काय? अमेरिकेत १९५८ मध्ये स्प्रॅट, ॲकरमन आणि मोयर यांनी, १९६२ मध्ये कॅसलमन आणि क्रिकस्टाइन यांनी जोरदार प्रतिवाद केला. पॉलिप असलेली इतकी माणसे हिंडतात आणि कॅन्सर त्यातल्या फार थोड्यांना होतो, मग पॉलिपला कॅन्सरची पहिली पायरी का म्हणायचे? त्यांच्या प्रश्नामागे माणुसकीही होती. त्या काळी आतड्यात वर असलेला पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडायचे, आतडे चिरायचे. एका मसुराएवढ्या पॉलिपसाठी माणूस टेबलावर दगावला तर जबाबदार कोण? हा वाद केवळ काचपट्ट्या पाहून सुटण्यासारखा नव्हता. तो सुटला एका अवजारामुळे, आणि त्याची वाट पंजाबच्या मोगा गावातून जाते.

मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या बारीक तंतूंची जुडी केली तर ती वाकवली तरी तिच्यातून चित्र पलीकडे जाते, हे त्यांनी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले. ते वाचून मिशिगन विद्यापीठातल्या बेसिल हर्शोविट्झ या पोटाच्या डॉक्टरने लंडन गाठले. १९५७ मध्ये अशी लवचीक दुर्बीण तयार झाल्यावर त्याने ती आधी स्वतःच्या घशातून खाली उतरवून पाहिली, मग रोग्याच्या. ही जठरासाठी होती. मोठ्या आतड्याची वळणे पार करायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल इस्पितळात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा एक फास आत सोडला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेच्या प्रवाहाने तो कापून बाहेर काढला. पोट न उघडता. कॅसलमन यांच्या काळजीला हे खरे उत्तर होते. पॉलिप काढण्याची किंमतच कमी झाली, तेव्हा तो काढून पाहणे परवडू लागले.

इकडे लंडनला ड्यूक्सच्या जागी बेसिल मॉर्सन आला होता. त्याने, बसीने आणि जपानहून आलेल्या तेत्सुइचिरो मुतो या सर्जनने इस्पितळात साठलेले हजारो नमुने पुन्हा काढून मोजले आणि १९७५ मध्ये आकडे मांडले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान ॲडिनोमांत कॅन्सर सापडला १.३ टक्क्यांत. एक ते दोन सेंटिमीटरच्यांत ९.५ टक्क्यांत. दोन सेंटिमीटरच्या वर ४६ टक्क्यांत. शिवाय ज्यांची रचना बोटांसारख्या झालरींची, ते अधिक धोक्याचे. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. बहुतेक पॉलिप कॅन्सर होत नाहीत, आणि तरी बहुतेक कॅन्सर पॉलिपमधूनच येतात. हे ऐकायला उलटसुलट वाटते, पण आंब्याच्या मोहोराचा विचार करा. मोहोरातले थोडेच फळ होते, पण मोहोराशिवाय फळ नाही. आणि फळ व्हायला वेळ लागतो. लहान ॲडिनोमापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारण दहा वर्षांचा, कधी त्याहून लांब. माणसाच्या शरीरातला क्वचितच एखादा कॅन्सर इतकी मुदत देतो आणि त्या मुदतीत डोळ्यांना दिसतो.

अटलांटिकच्या पलीकडे याच गोष्टीचा दुसरा धागा त्याआधीच सुरू झाला होता. १८९५ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला शिवणकाम करणारी एक बाई उदास दिसली. कारण विचारले तर म्हणाली, मी तरुणपणीच मरणार, आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात. वॉर्थिनने ते हसण्यावारी नेले नाही. तिच्या मदतीने त्याने खानदानाची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई, पॉलीन ग्रॉस, पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. मधली काही दशके या कुटुंबाकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९६०च्या दशकात ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशीच आणखी घराणी शोधली आणि १९७१ मध्ये वॉर्थिनच्या कुटुंबाची माहिती पुन्हा अद्ययावत केली. कॅन्सर वंशातून येऊ शकतो हे तेव्हा बहुतेक जाणकारांना पटत नव्हते. आज या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. यात पॉलिपचा सडा पडत नाही, एखाद-दुसराच असतो, पण तो घाईने बिघडतो. दहा वर्षांचे काम दोन-तीन वर्षांत.

ही घाई का, ते १९९३ मध्ये कळले. पेशी दुणावताना तिच्यातला सगळा जनुकीय मजकूर पुन्हा लिहिला जातो, आणि लिहिताना झालेल्या चुका शोधून सुधारणारी एक यंत्रणा पेशीत असते. मुद्रितशोधकच म्हणा. लिंच सिंड्रोममध्ये हा मुद्रितशोधकच जन्मतः अर्धा रजेवर असतो. उरलेला अर्धा एखाद्या पेशीत बंद पडला की चुका साचत जातात. ज्याने कधी शाळेचे वार्षिक अंक काढले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

साध्या, म्हणजे वंशातून न आलेल्या पॉलिपचा हिशेब बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लावला. लहान ॲडिनोमा, मोठा ॲडिनोमा आणि कॅन्सर यांच्या पेशी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी जनुके तपासली. १९८८ आणि १९९० च्या त्यांच्या निबंधांत पायऱ्या दिसू लागल्या. १९९१ मध्ये हाती लागलेले एपीसी हे जनुक म्हणजे वाढीचा ब्रेक. तो बहुतेकदा सर्वात आधी निकामी होतो आणि विहिरीच्या काठावर पहिला उंचवटा येतो. मग केरास नावाचे जनुक बिघडते, ते ॲक्सिलरेटर दाबून धरल्यासारखे, आणि उंचवटा मोठा होतो. शेवटाकडे पी-५३ जाते, जे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारे जनुक आहे. त्यानंतर पदर ओलांडला जातो. क्रम दर वेळी असाच असतो असे नाही, बिघाड किती साचले याला महत्त्व जास्त, हे त्यांनीच बजावून सांगितले. सेंट मार्क्सच्या त्या घराण्यांत हाच एपीसीचा ब्रेक एका बाजूने जन्मापासून तुटलेला असतो. ड्यूक्सने डोळ्यांनी जे पाहिले आणि बसीने वहीत जे लिहिले, त्याचे कारण साठ-पासष्ट वर्षांनी सापडले.

आता एवढेच पाहायचे होते की पॉलिप काढल्याने खरोखर कॅन्सर टळतो का. सिडनी विनावर यांच्या पुढाकाराने अमेरिकेत १४१८ जणांचे ॲडिनोमा काढून त्यांच्यावर सरासरी सहा वर्षे लक्ष ठेवले गेले. १९९३ मध्ये निकाल आला. या गटात पाच जणांना कॅन्सर झाला, तोही लवकरच्या पायरीवर. तुलनेचे गट कोणते धरायचे त्यावरून अपेक्षित आकडा वीस ते अठ्ठेचाळीस येत होता. २०१२ मध्ये याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले.

तरी सगळेच कॅन्सर या एका रस्त्याने येत नाहीत. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज असेल, ज्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, तर सपाट अस्तरातूनही कॅन्सर होऊ शकतो. १९२५ मध्ये क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी असा रोगी नोंदवला. १९६७ मध्ये मॉर्सन आणि पँग यांनी दाखवले की अशा रोग्यांच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला तर आधीचा बिघाड कळू शकतो. दुसरे असे की करवतीच्या दात्यांसारखी कड असलेले काही पॉलिप कैक वर्षे निरुपद्रवी म्हणून सोडून दिले जात होते. १९९६ नंतर त्यांच्याकडे नव्याने पाहिले गेले आणि त्यातले काही वेगळ्या वाटेने कॅन्सरकडे जातात हे मान्य झाले. म्हणजे ही समज अजून दुरुस्त होतेच आहे.

भारतात या कॅन्सरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे आपल्या रक्तातच काही संरक्षण आहे असे नव्हे. जपानमध्येही तो कमी होता. जे जपानी हवाईला आणि अमेरिकेत जाऊन राहिले, त्यांच्यात एका-दोन पिढ्यांत तो अमेरिकनांच्या जवळपास पोचला. रक्त तेच, ताट बदलले आणि चालणे कमी झाले. ताटाचा विषय निघालाच आहे तर आपल्या दस्तरख्वानाचेही बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये मीठ, धूर किंवा रसायने लावून टिकवलेले मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात टाकले. रोज ५० ग्रॅम खाल्ले तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. लाल मांस त्याखालच्या, म्हणजे 'बहुधा करते' या वर्गात आहे, आणि त्यात बोकडाचे मटणही येते. आमच्याकडे काही जण हे ऐकले की यात राजकारण शोधतात, तर बाहेरचे काही जण यावरून आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवतात. दोघांनाही यादीत तंबाखू, दारू आणि वाढलेले वजनही आहे हे सांगावे लागते. दारू पिणारा शाकाहारी सुटत नाही आणि सिगारेट ओढणारा परहेजगारही सुटत नाही. घरी कधीमधी शिजलेला कोरमा आणि रोजची सलामी यांत फरक आहे, इतके समजले तरी पुरे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे शौचातून रक्त जाणे याचा एकच अर्थ लावला जातो, बवासीर, म्हणजेच मूळव्याध. नात्यातल्या एका मामूंना दीड वर्ष रक्त जात होते. कुठल्याशा पुड्या चालू होत्या, तिखट बंद होते. वजन उतरले तेव्हा तपासणी झाली आणि गाठ यकृतापर्यंत पोचली होती. मूळव्याध त्यांना होतीच, हेही खरे. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून मूळव्याध सापडली एवढ्यावर थांबता येत नाही. चाळिशीनंतर नव्याने रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलून महिनाभर तशीच राहिली, कारण नसताना वजन घटले, तर दुर्बिणीने आत पाहायला हवे. उजव्या बाजूच्या गाठीत तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जाते. बायकांच्या बाबतीत ते 'अशक्तपणा' म्हणून लोहाच्या गोळ्यांवर निभावले जाते. आणि तपासायचे कोणी, पुरुष डॉक्टरने का, या प्रश्नावर महिने जातात. हा संकोच आपलाच आहे असेही नाही. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. फुकट कोलोनोस्कोपीचे निमंत्रण मिळालेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक आले. त्यामुळे निमंत्रितांच्या सबंध गटात कॅन्सर १८ टक्क्यांनीच कमी झाला.

आपल्या देशात सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरती आहे, आतड्यासाठी नाही. हा कॅन्सर कमी आहे तोवर सगळ्यांना दुर्बीण लावणे परवडणारही नाही. म्हणून निदान ज्यांच्या घरात हा आजार होऊन गेला त्यांना शोधणे महत्त्वाचे. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यातले जे आधी येईल तेव्हा डॉक्टर कोलोनोस्कोपी सुचवतात. वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी झाला असेल तर मुलाला आणि मुलीला पस्तिसाव्या वर्षी.

पण डॉक्टरने घरात कोणाला काय झाले होते असे विचारले की आपली पंचाईत होते. शजरा जपण्याची हौस आपल्या पुष्कळ घराण्यांना आहे. सात-आठ पिढ्यांची नावे, कोण कुठून आले, कोणत्या गावी काझी होते, सगळे लिहिलेले. त्यात कोण कशाने गेले ते नसते. विचारले तर 'पोटाच्या आजाराने', फार तर 'कमजोरीने'. आणि बहुतेक शजऱ्यांत फक्त पुरुषांची नावे असतात. लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची ओळ तिथेच थांबते. लिंच सिंड्रोमचे जनुक आईकडूनही तितकेच येते आणि मुलीकडेही तितकेच जाते. वॉर्थिनच्या कागदांवर पॉलीनच्या मावश्या, आत्या, बहिणी, भाच्या सगळ्या होत्या, वय आणि आजारासकट, कारण माहिती देणारी स्वतः घरातली बाई होती. २००० साली त्याच खानदानात मुद्रितशोधनाच्या एमएसएच-२ या जनुकातला बिघाड सापडला. आता त्यांच्या वंशजांना रक्ताच्या एका चाचणीत कळते की आपल्याकडे तो आला आहे की नाही. ज्यांच्याकडे आला ते दर वर्ष-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतात. ज्यांच्याकडे नाही, ते घरी जातात.